शेवटच्या बाकापर्यंत

(दहावीच्या १९९६ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला सांगितलं, "तू इंजिनिअर आहेस, शाळेतली मुलंही ऐकायला असतील, तेव्हा विज्ञानावर बोल. पण जेवणानंतरची वेळ आहे हे लक्षात ठेव." मी विषय निवडला ध्वनी. एक तर तो माझ्या पोटापाण्याचा विषय आहे. फोनवर आणि व्हिडिओ कॉलवर बोलताना पलीकडचा आवाज स्वच्छ ऐकू यावा, यासाठी लागणारं सॉफ्टवेअर मी लिहिते. दुसरं कारण पैशाचं आहे. आपल्या तुकडीने शाळेसाठी जो निधी जमवला, त्याचं काय करायचं हे आज संध्याकाळच्या बैठकीत ठरणार आहे. माझ्या भाषणाचा त्या निर्णयाशी संबंध आहे. तो कसा, ते शेवटी सांगते.

आधी एक साधा प्रश्न. मी इथे बोलते आणि तुम्हाला तिथे ऐकू येतं, म्हणजे माझ्याकडून तुमच्याकडे नेमकं काय येतं? हवा येत नाही. ती आली असती तर आज जेवणातल्या लसणाच्या चटणीचा वासही तुम्हाला माझ्या प्रत्येक वाक्यासोबत आला असता. येतो तो फक्त धक्का. प्रार्थनेच्या रांगेत शेवटचा मुलगा पुढच्याला ढकलतो, तो त्याच्या पुढच्याला, आणि क्षणात पहिला मुलगा व्यासपीठावर आदळतो. मुलं आपापल्या जागीच असतात, प्रवास धक्क्याचा होतो. हवेत हेच घडतं. माझ्या स्वरतंतूंच्या कंपनाने जवळची हवा दाबली जाते, मग सैल होते, पुन्हा दाबली जाते. दाबलेल्या भागाला आपण पुस्तकात संपीडन म्हणायचो आणि सैल भागाला विरलन. या संपीडन-विरलनांची माळ पुढे सरकते, तीच ध्वनिलहर.

ही माळ किती नाजूक असते याची कल्पना पुस्तकातल्या आकृतीवरून येत नाही. आपल्या भोवतालच्या हवेचा दाब सुमारे एक लाख पास्कल असतो. एक मीटरवरून साधं बोलताना त्या दाबात जो चढउतार होतो, तो सुमारे ०.०२ पास्कल. म्हणजे पन्नास लाखांतला एक भाग. तेवढ्या आवाजात हवेचा थर पुढेमागे किती हलतो? साधारण केसाच्या जाडीच्या दहा हजाराव्या भागाइतका. मुलांनो, परीक्षेच्या निकालाची जी बातमी तुमचं आठवडाभराचं जेवण गोड किंवा कडू करते, ती तुमच्या कानापर्यंत एवढ्याशा हालचालीवर स्वार होऊन येते.

दाबायला आणि सैल व्हायला काहीतरी हवं, म्हणून ध्वनीला माध्यम लागतं. रॉबर्ट बॉइलने १६६० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काचेच्या भांड्यातली हवा पंपाने काढत नेली तसा आतल्या घड्याळाचा आवाज मंद होत गेला. घड्याळ दिसत होतं, पण ऐकू येत नव्हतं. प्रकाशाला माध्यमाची गरज नाही आणि ध्वनीला आहे, हा फरक तिथे डोळ्यांना आणि कानांना एकदमच कळतो.

आता वेगाकडे येऊ. हवेत शून्य अंश सेल्सिअसला ध्वनी सेकंदाला ३३१ मीटर जातो, आणि दर अंशाला साधारण ०.६ मीटरने त्याचा वेग वाढतो. आजच्या तीस अंशांत तो ३४९ मीटर आहे. पावसाळ्यात वीज चमकल्यावर मनात सेकंद मोजा आणि तीनने भागा. तितक्या किलोमीटरवर वीज पडली.

हा वेग गणिताने काढायचा पहिला मोठा प्रयत्न न्यूटनने १६८७ च्या आपल्या ग्रंथात केला. त्याचं उत्तर खऱ्या वेगापेक्षा सुमारे १५ टक्क्यांनी कमी आलं. चूक कुठे होती हे समजायला सव्वाशे वर्षं गेली. न्यूटनने धरलं होतं की हवा दाबली जाताना तिचं तापमान तेवढंच राहतं. पण सायकलला हवा भरताना पंपाची नळी गरम होते हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. हवा दाबली की तापते. ध्वनीच्या लहरीत हे दाबणं-सोडणं इतक्या झटपट होतं की ती उष्णता बाहेर जायला वेळच मिळत नाही. तापलेली हवा जास्त जोराने प्रतिकार करते, म्हणून धक्का लवकर पुढे जातो. ही दुरुस्ती लाप्लासने १८१६ साली मांडली आणि हिशोब जुळला.

पाण्यातला वेग मोजायला १८२६ साली कोलाडन आणि स्टुर्म या दोघांनी जिनिव्हाच्या सरोवरात दोन होड्या सोडल्या. एका होडीखाली पाण्यात घंटा टांगली होती. ती वाजवताना त्याच क्षणी वर दारू पेटवून उजेड केला. साडेतेरा किलोमीटरवरच्या दुसऱ्या होडीत, पाण्यात बुडवलेल्या लांब कर्ण्याला कान लावून बसलेल्याने उजेड दिसल्यापासून आवाज येईपर्यंतचा वेळ मोजला. साडेनऊ सेकंदांच्या आत आवाज पोहोचला. वेग निघाला सेकंदाला १४३५ मीटर, म्हणजे हवेच्या चौपटीहून अधिक. त्याच्याही आधी, १८०८ साली, पॅरिसमध्ये बिओने ९५१ मीटर लांबीच्या लोखंडी नळाच्या एका टोकाला ठोका दिला, तेव्हा दुसऱ्या टोकाला दोन आवाज ऐकू आले. एक लोखंडातून, आणि दुसरा सुमारे अडीच सेकंदांनी, नळातल्या हवेतून.

इथे मुलांसाठी एक गोष्ट. "माध्यम जितकं दाट, तितका ध्वनी जलद" असं अनेकजण पाठ करतात. ते बरोबर नाही. शिसं लोखंडापेक्षा जड, पण शिशात ध्वनी लोखंडापेक्षा बराच हळू जातो. हेलियम हवेपेक्षा कितीतरी हलका, पण त्यात ध्वनी जवळजवळ तिप्पट वेगाने जातो. वेग ठरतो तो दोन गोष्टींच्या ओढाताणीतून. माध्यम दाबायला किती कठीण आहे, यावर धक्का किती चटकन पुढे दिला जाईल ते ठरतं. आणि माध्यम किती जड आहे, यावर ते हलायला किती आळस करेल ते ठरतं. लोखंड जड आहे, पण दाबायला इतकं कठीण आहे की तो गुण जडपणावर मात करतो.

कोलाडन आणि स्टुर्म यांना तो कर्णा का लागला? कारण पाण्यातून हवेत येताना ध्वनीची जवळजवळ सगळी ऊर्जा, ९९.९ टक्के, पृष्ठभागावरूनच परत फिरते. एका माध्यमातून फार वेगळ्या माध्यमात शिरायला ध्वनी तयार नसतो. आता गंमत अशी की आपल्या कानाला नेमकं हेच अवघड काम रोज करायचं असतं. बाहेर हवा आहे, आणि ऐकण्याच्या पेशी आहेत गोगलगाईच्या शंखासारख्या नळीत, द्रवात बुडालेल्या. मध्ये निसर्गाने हातोडी, ऐरण आणि रिकीब ही तीन इवलीशी हाडं बसवली आहेत. कानाच्या मोठ्या पडद्यावरचा जोर ती रिकिबीच्या लहानशा तळव्यावर एकवटतात, म्हणजे टाचणीच्या टोकासारखा. म्हणून परत फिरणारा ध्वनी आत शिरू शकतो.

पण या व्यवस्थेची एक अट आहे. त्या हाडांच्या भोवती हवाच असली पाहिजे. लहान मुलांना वरचेवर सर्दी होते, नाकामागून कानाकडे जाणारी बारीक नळी चोंदते आणि पडद्यामागे चिकट द्रव साठतो. बहुतेक वेळा दुखत नाही. ताप नसतो. फक्त ऐकू येणं २०-३० डेसिबलने कमी होतं. दोन्ही कानांत बोटं घालून वर्गात बसल्यासारखं. काही आठवड्यांनी बरं वाटतं, मग पुन्हा होतं. मूल तक्रार करत नाही, कारण इतरांना किती ऐकू येतं हे त्याला माहीतच नसतं.

आपल्या वर्गात एक मैत्रीण होती. तिची परवानगी घेऊन सांगते, नाव सांगणार नाही. उंच असल्यामुळे ती कायम शेवटच्या बाकावर. तोंडी उत्तर विचारलं की ती "काय?" म्हणायची. श्रुतलेखनात "सात" ऐवजी "साठ" लिहायची, "पाठ" ऐवजी "पाट". तिच्या प्रगतिपुस्तकावर तीन वर्षं एकच शेरा होता, "लक्ष देत नाही." आठवीनंतर तिची शाळा सुटली. पुढे लग्नानंतर, तिच्या मुलीचा कान वाहायला लागला म्हणून ती डॉक्टरांकडे गेली, तेव्हा त्यांनी सहज तिचेही कान तपासले. डाव्या पडद्याला जुनं भोक होतं आणि उजव्या कानालाही बरंच कमी ऐकू येत होतं. मला फोनवर ती म्हणाली, "अगं, मी ढ नव्हते, हे मला बत्तिसाव्या वर्षी कळलं." तिच्या बोलण्यात कुणाबद्दल राग नव्हता. तपासायचं असतं हे तेव्हा कुणाला ठाऊकच नव्हतं. पण आज ठाऊक आहे.

आणि हा प्रश्न फक्त कानाचा नाही, खोलीचाही आहे. काल मी नव्या इमारतीतल्या सहावीच्या वर्गात जाऊन आले. आपण शिकलो ती कौलारू इमारत आठवा. उन्हाळ्यात तापायची, पावसात गळायची, तिच्याबद्दल मला उगाच हळवं व्हायचं नाही. पण ध्वनीच्या बाबतीत ती चांगली होती. कौलांच्या फटींतून, लाकडी वाशांतून आवाज बाहेर निघून जायचा. नवा वर्ग आहे स्लॅबचा. भिंतींना गुळगुळीत रंग, खाली फरशी. मी एक टाळी वाजवली आणि ती बराच वेळ खोलीत फिरत राहिली.

याला निनाद म्हणतात. आपली सहल विजापूरला गेली होती तेव्हा गोलघुमटात आपण सगळ्यांनी ओरडून पाहिलं होतं. तिथे एक हाक पुन्हापुन्हा परत येते. वास्तू म्हणून गोलघुमट अप्रतिम, पण त्यात सहावीचा गणिताचा तास घेऊन दाखवा! वर्गात प्रतिध्वनी वेगळा ऐकू येत नाही, कारण त्यासाठी भिंत सतरा मीटर तरी लांब हवी. पण परतलेले शेकडो आवाज एकमेकांत मिसळतात आणि आधीच्या अक्षराची शेपटी पुढच्या अक्षरावर पडते. आपल्या बोलण्यात स्वर मोठे आणि दमदार असतात, व्यंजनं बारीक आणि क्षणभराची. अर्थ मात्र बहुतेक वेळा व्यंजनांत असतो. "सात", "साठ" आणि "साथ" यांत स्वर एकच आहे, फरक फक्त शेवटच्या व्यंजनाचा. आधीच्या "सा"ची शेपटी नेमकी त्याच्यावर पडते. मोठ्या माणसाला संदर्भावरून गाळलेलं अक्षर भरून काढता येतं. दहा वर्षांच्या मुलाला ते जमत नाही, कारण त्याचा शब्दसंग्रहच अजून तयार होत असतो.

निनादाचं गणित पहिल्यांदा मांडलं वॉलेस सेबाइन या तरुण प्राध्यापकाने, १८९५ नंतरच्या काही वर्षांत. हार्वर्डच्या एका नव्या व्याख्यानगृहात बोललेलं काही कळायचं नाही. तिथे आवाज साडेपाच सेकंद घुमत राहायचा. सेबाइन रात्री, सगळं सामसूम झाल्यावर, शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून त्या खोलीत आणायचा, ऑर्गनची नळी वाजवायचा आणि आवाज विरायला लागणारा वेळ घड्याळावर मोजायचा. त्यातून निघालेलं सूत्र दहावीच्या मुलाला वापरता येईल इतकं सोपं आहे: खोलीचं घनफळ गुणिले ०.१६१, भागिले आवाज शोषणारं क्षेत्रफळ. उघड्या खिडकीवर पडलेला आवाज परत येत नाही, म्हणून एक चौरस मीटर उघडी खिडकी म्हणजे पूर्ण एक चौरस मीटर शोषण. गिलाव्याची भिंत मात्र शंभरातला जेमतेम तीन भाग आवाज शोषते.

आता आपला वर्ग घ्या. ८ मीटर लांब, ६ रुंद, साडेतीन उंच. घनफळ १६८ घनमीटर, गुणिले ०.१६१, म्हणजे सुमारे २७. भिंती, छत आणि फरशी मिळून १९४ चौरस मीटर, त्यांचं शोषण जेमतेम ६. उघड्या खिडक्या ४. एकूण १०. रिकाम्या वर्गात निनाद २.७ सेकंद. पन्नास मुलं बसली की त्यांच्या कपड्यांचं आणि अंगाचं शोषण अंदाजे १७, एकूण २७, म्हणजे निनाद बरोबर १ सेकंद. अमेरिकेत २००२ साली वर्गखोल्यांसाठी जे मानक ठरलं, त्यात सर्वसाधारण आकाराच्या रिकाम्या वर्गाला मर्यादा आहे ०.६ सेकंद. आपण भरलेल्या वर्गातही तिच्या बाहेर आहोत.

त्यात अंतराची भर. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की थेट येणारा आवाज ६ डेसिबलने उतरतो. बाईंचा चढा आवाज एक मीटरवर ६५ डेसिबल धरला तर दोन मीटरवर ५९, चारवर ५३, आणि आठ मीटरवर, म्हणजे शेवटच्या बाकावर, ४७. काल तीन पंखे चालू असताना माझ्या फोनवरचं ॲप ५० च्या वर दाखवत होतं. फोन हे काही प्रमाणित यंत्र नाही, पण अंदाजाला पुरे. म्हणजे शेवटच्या बाकावर बाईंचा थेट आवाज पंख्याच्या आवाजाखाली जातो, आणि जो वर राहतो तो भिंतींवरून आलेला, शेपट्या मिसळलेला. निरोगी कानाच्या मुलालाही इथे ताण पडतो. ज्याच्या पडद्यामागे द्रव साठला आहे, त्याचं काय होत असेल? आणि बाईंच्या घशाचं काय होतं, हे व्यासपीठावर बसलेल्या आपल्या शिक्षकांना विचारा.

माझ्या कामाचा एक अनुभव सांगते. कॉलमधला पंख्याचा एकसुरी आवाज काढून टाकणं सॉफ्टवेअरला बऱ्यापैकी जमतं. घुमणाऱ्या खोलीतून आलेला आवाज स्वच्छ करणं त्याहून फार अवघड, कारण तिथे गोंगाट म्हणजे बोलणाऱ्याचाच उशिरा आलेला आवाज असतो. आम्ही त्यावर महिनोन् महिने घालवतो. खोलीत एक जाड पडदा लावला तर त्यातलं निम्मं काम वाचतं.

म्हणून माझा प्रस्ताव असा. निधीतून प्रवेशद्वाराशी कमान बांधावी आणि तिच्यावर तुकडीचं नाव कोरावं, अशी एक सूचना आली आहे. कमान छान दिसेल. पण माझी विनंती आहे की त्या पैशांतून आपण पाचवी ते सातवीचे सहा वर्ग आधी ऐकण्याजोगे करावेत.

प्रत्येक वर्गात मागच्या भिंतीवर आणि छताच्या कडेने मिळून २० चौरस मीटर शोषक पॅनेल लावायची. पाच सेंटीमीटर जाड, आत ग्लासवुल किंवा पॉलिएस्टरचे तंतू, वर घट्ट कापड. पडलेल्या आवाजातला सुमारे ८० टक्के ती शोषतात, म्हणजे १६ ची भर. २७ चे ४३ होतात आणि निनाद १ सेकंदावरून ०.६३ वर येतो. थर्मोकोल किंवा अंड्यांचे ट्रे लावून हे होत नाही. हवा तंतूंच्या फटींत शिरून घासली गेली तरच ध्वनीच्या ऊर्जेची उष्णता होते. थर्मोकोलच्या पेशी बंद असतात, आणि तो पेटतोही चटकन. घेताना आगीची चाचणी झालेलाच माल घ्यायचा. सोबत पंख्यांची दुरुस्ती, आणि बाकांच्या पायांना रबरी टोप्या. दोन ठिकाणांहून दर मागवले आहेत. कमानीच्या अंदाजपत्रकात हे सगळं बसतं.

दुसरं, दर जूनमध्ये पाचवीच्या प्रत्येक मुलाची कानतपासणी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून शाळांतल्या मुलांच्या तपासणीत ऐकण्याची तपासणीही धरलेली आहे. त्या पथकाशी शाळेने तारीख पक्की करायची, आणि ज्या मुलांबद्दल शंका येईल त्यांना कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे नेऊन आणण्याचा खर्च आपण उचलायचा. आपल्या तुकडीतले दोघे डॉक्टर मदतीला तयार आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे मुलांमधला सुमारे ६० टक्के श्रवणदोष टाळता येण्याजोग्या कारणांनी होतो. घरीही सांगायला हवं: वाहत्या कानात तेल घालू नका, आणि "मूल ऐकत नाही" असं म्हणण्याआधी त्याला ऐकू येतं का ते पाहा.

तिसरी गोष्ट फुकटची आहे. दर आठवड्याला बाकं फिरवायची. पुढचे मागे, मागचे पुढे. उंच मूल कायम मागे, हा नियम आपल्या वेळचा होता. तो तिथेच राहू दे.

या कामावर आपलं नाव कोरता येणार नाही. पॅनेल भिंतीच्या रंगाचीच असतील आणि वर्षभरात कुणाच्या लक्षातही येणार नाहीत. पण मुलांनो, तुमच्यापैकी कुणाचा लहान भाऊ किंवा बहीण पुढच्या वर्षी पाचवीत येणार असेल, आणि शेवटच्या बाकावर बसून त्याला "सात" हा "सात"च ऐकू आला, तर आमच्या तुकडीचं काम झालं.

ठराव संध्याकाळी साडेपाचला मांडते. हिशोबाचा कागद माझ्याकडे आहे. आकडे तपासून घ्या, शंका विचारा, आणि मग हात वर करा.